जून-जुलैचा गेमिंग हिशेब : अण्णांचा गुडघा, एचडीएमआयची वायर आणि ओझं वाहणारा सॅम

सेव्हपॉइंट

दर महिन्याचा हिशेब महिनाअखेरीला इथे टाकायचा असं जानेवारीत ठरवलं होतं. मेपर्यंत जमलं, जून बुडाला. म्हणून हा दोन महिन्यांचा एकदम. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मुक्काम सध्या लोणंद. अण्णांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलायची होती. चार वर्षं टाळलं, शेवटी जिना चढेनात तेव्हा तयार झाले. मी ऑफिसातून दोन महिने घरून काम मागून घेतलं आणि पुण्याची खोली बंद करून निघालो. सीपीयू मागच्या सीटवर बसवला, त्याला सीटबेल्ट लावला. मॉनिटरचा खोका डिकीत टाकला. घरी येऊन उघडला तर आत थर्माकोल. मॉनिटर पुण्यात टेबलावरच! आई म्हणाली, "नशीब अण्णांना आणायला विसरला नाहीस."

त्यामुळे गेम खेळायचा तर सीपीयू एचडीएमआयच्या वायरने जोडायला घरातला एकमेव टीव्ही, आणि तो अण्णांच्या पलंगासमोर. पुढचं सगळं त्या रिकाम्या खोक्यामुळे घडलं.

बलाट्रो. ऑपरेशनच्या दिवशी साताऱ्याच्या हॉस्पिटलात सोबतीला हाच होता, फोनवर. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी : पोकरच्या पानांवर एकट्याने खेळायचा गेम. हातात आठ पानं, एका वेळी जास्तीत जास्त पाच टाकायची आणि चार हातांत ठरलेले गुण गाठायचे. पहिलं लक्ष्य ३०० चं. मधे मधे दुकान लागतं, तिथे जोकर विकत घ्यायचे. असे १५० जोकर आहेत आणि प्रत्येक जण नियमाला कुठून तरी चिमटा काढतो. लोकलथंक असं टोपणनाव घेतलेल्या एका माणसाने बनवलेला, २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला. सुरुवातीला साधी जोडी लावून सुटायला होतं, आठव्या टप्प्यापर्यंत आकडे असे फुगतात की साखर कारखान्याचा ताळेबंद वाटावा.

मी नेमका आठव्या टप्प्यात होतो तेव्हा सिस्टरनी दार उघडून आमचं नाव पुकारलं. फोन खिशात. तो पुन्हा उघडायला तीन दिवस लागले. उघडला तर डाव तसाच, हातात तीच आठ पानं, कुणी हलवलं नव्हतं. कधी नाही ते त्या बनवणाऱ्याला मनातल्या मनात नमस्कार केला. मग हरलो, ते सोडा.

वॉर्डात अण्णांनी पाहिलं. पहिला प्रश्न, "पैसं लावल्यात?"
"नाही."
"मग येवढं तोंड कशापायी वाकडं केलंयस?"
थोड्या वेळाने पुन्हा, "आरं कलर लागतोय की. बदाम टाक, किलवर ठेवतोस कशाला?" माळ घातल्यापासून या माणसाने पत्त्यांना हात लावलेला नाही. पण त्याआधी एसटीत २९ वर्षं कंडक्टर होते, आणि मुक्कामाच्या गाडीला रात्रभर डेपोत काय करतात? मेंढीकोट. दहाचं पान फुकट गेलं की अजूनही त्यांच्या जिवाला लागतं. या गेममध्ये दहाला मेंढीचा मान नाही हे त्यांना पटलेलं नाही.

एल्डन रिंग. काढून टाकला. वाईट गेम नाही, माझ्या मते गेल्या पाचेक वर्षांतला सगळ्यात चांगला. पण त्याला पॉज नाही. समोर मलेनिया ही शत्रू तलवार उपसून उभी आणि स्वयंपाकघरातून हाक, "अरे, अण्णांना उठायचंय, वॉकर दे." दिला वॉकर. परत आलो तर मी मेलेला. तीनदा हेच झालं. चौथ्या वेळी वॉकर द्यायला चार सेकंद उशीर केला, आणि अण्णा भिंतीला धरून स्वतःच उभे राहिलेले दिसले. त्याच रात्री अनइन्स्टॉल.

डेथ स्ट्रँडिंग. आता मुख्य. जूनच्या शेवटी याचा दुसरा भाग पीएस५ (प्लेस्टेशन ५) वर आला. माझ्याकडे पीएस५ नाही, म्हणून जळफळाटात पहिला भाग पुन्हा लावला. पीसीवर २०२० साली आला तेव्हा तीन तासांत सोडला होता. इथेच कुठल्यातरी धाग्यात मी त्याला "कुरिअरवाल्याचं सिम्युलेटर" म्हटलं होतं. ती कमेंट कुणी शोधून काढू नका.

गेममध्ये करायचं एकच : चालायचं. सॅम नावाचा हमाल, पाठीवर खोक्यांची उतरंड, अमेरिकेच्या पूर्व टोकापासून पश्चिमेपर्यंत माणसं बिळात लपल्यासारखी राहतात आणि त्यांना सामान पोचवायचं. सुरुवातीला १२० किलोपर्यंत उचलता येतं. उतरंड उंच झाली की तोल जातो. डावीकडे कलला तर उजवं बटण दाबून सावरायचं, उजवीकडे कलला तर डावं. बूट झिजतात, फाटतात, जादाचा जोड बरोबर ठेवावा लागतो. पाऊस अंगावर आला की वस्तू म्हाताऱ्या होतात, खोकी गंजतात.

अण्णा सकाळी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा व्यायाम करतात. दहा मोजायचं, सोडायचं, पुन्हा. कंटाळवाणा आणि दुखरा प्रकार. मी लॉगिनच्या आधी तासभर खेळायचो, तेव्हा ते समोर बघत मोजायचे. पहिले दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सॅम उतारावर तोंडावर आपटला, खोकी ओढ्यात.

"त्याला पाय फाकवून उभा ऱ्हा म्हणावं. आणि जड खालती बांध. डोक्यावर कशाला चढवलंय?"

गेममध्ये सामान आपोआप नीट लावायचं बटण आहे. मी ते दाबतच नव्हतो. दाबलं तर जड खोकी खाली गेली आणि सॅम सरळ चालायला लागला. हलत्या एसटीत, खांबाला न धरता, एका हातात तिकिटाचा ट्रे घेऊन खंबाटकी घाट चढलेल्या माणसाकडून मी गेम शिकत होतो.

मग रोजचंच झालं. नदी लागली की सॅमच्या खांद्यावरचं यंत्र पाण्याची खोली दाखवतं : निळं म्हणजे चाला, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे वाहून जाल. अण्णा पलंगावरून ओरडतात, "तांबडं! तांबडं हाय तिथं!" त्यांचे दहा आकडे तिथेच चुकतात. फिजिओ म्हणाला, काका मोजणी वाढवली का तुम्ही, छान. मी गप्प बसलो.

आणि एक गोष्ट आहे जी २०२० मध्ये माझ्या लक्षातच आली नव्हती. या गेममध्ये दुसरे खेळाडू कधीच दिसत नाहीत, पण त्यांनी लावलेल्या शिड्या, बांधलेले पूल, टाकलेले दोर तुमच्या वाटेवर सापडतात. रस्ते तर वर्गणीतूनच होतात. धातू आणि सिरॅमिक आणून यंत्रात टाकायचं. कुणी शंभर टाकतं, कुणी हजार, आणि एक दिवस दगडधोंड्यांतून गुळगुळीत रस्ता उठतो. अण्णांना विचारलं, कळतंय का काय चाललंय? म्हणाले, "त्यात न कळण्यासारखं काय हाय? म्होरल्या मुक्कामाला कुणी पाण्याचा टँकर लावलाय ते आपल्याला कुठं ठावं असतं?"

इथे सांगायला हवं : अण्णा वारकरी. कोविडची ती दोन वर्षं, पादुका एसटीने गेल्या, ती सोडली तर गेली सतरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी. यंदा पहिल्यांदा चुकली. पालखी लोणंदला मुक्कामाला येते, म्हणजे दारातूनच जाणार, आणि हे वॉकर धरून. त्या विषयावर घरात कुणी बोलत नव्हतं.

त्यांची दिंडी आमच्याकडेच जेवायला. चाळीसेक माणसं, पिठलं, भाकरी, ठेचा. सीपीयू माळ्यावर टाकायला वेळ झाला नाही, टीव्हीवर गेम पॉज करून तसाच राहिला. खोलीत वळकट्या आणि पडशा छातीएवढ्या रचलेल्या. परभणीकडचे एक बाबा, पायाच्या फोडाला हळद लावत बसलेले, बराच वेळ पडद्याकडे बघत होते. दगडाळ रान, पाठीवर ढीग घेतलेला माणूस. मला म्हणाले, "माउली, ह्यांची दिंडी कंची?"

अण्णा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. म्हणाले, "एकटाच हाय त्यो. रथामागं पडलाय."

दुसऱ्या दिवशी पालखी निघाली. खुर्ची टाकून रस्त्याकडेला बसले. विणेकरी रांगेतून बाहेर येऊन त्यांच्या गळ्यात पडले. मी फोटो काढायला फोन वर केला आणि काढला नाही. संध्याकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "लाव तुझा हमाल."

गेमची तक्रारही नोंदवून ठेवतो, नाहीतर जाहिरात वाटेल. कथा फार बोलते. एकच गोष्ट तीन पात्रं तीनदा समजावतात आणि एका पात्राचं नाव डाय-हार्डमॅन आहे, हे मला अण्णांना मराठीत सांगावं लागलं. कटसीन, म्हणजे नुसता बघायचा सिनेमासारखा तुकडा, सुरू झाला की ते झोपतात. भुतं आली की आई उठून जाते. पण पोर्ट नॉट सिटी लांबून दिसते तिथे गाणं सुरू होतं, करायला काही नसतं, फक्त उतरत जायचं. तिथे तिघंही गप्प होतो.

पुढच्या महिन्याचा बेत : 'राजी' पुन्हा एकदा, आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा, २०२० चा. आईला त्यातली चित्रं आवडतील असा अंदाज. तुमचे हिशेब टाका.

---

तीस_लाईफ

मस्त लिहिलंय भाऊ, पण गेमबद्दल मत बदललेलं नाही. मी चार तास दिले. चार तासांत मी मूळ कॉन्ट्रा दहा वेळा संपवला असता. तेही वर-वर-खाली-खालीचा, तीस लाईफ देणारा बटणांचा मंत्र न मारता. (बरं, एकदा मारून.)

खरं सांगायचं तर तुमच्याकडे चाललाय तो गेम अण्णांमुळे. एकट्याने हेडफोन लावून खेळून बघा, पुन्हा कंटाळाल.

आणि एल्डन रिंगला पॉज आहे! बॅग उघडा, मदतीचं बटण दाबा, 'मेनू एक्स्प्लनेशन' निवडा. ती खिडकी उघडी असेपर्यंत मलेनिया पुतळा.

---

सेव्हपॉइंट

@तीस_लाईफ, हे दोन महिन्यांपूर्वी सांगितलं असतं तर! पण वॉकर मागितल्यावर बॅग-मदत-मेनू करत बसलो असतो तर आईने वायर उपटली असती.

एकट्याने खेळून बघितलंय. अण्णा फॉलोअपला साताऱ्याला गेले होते, मामा सोबत होता, मला मीटिंग. दुपारी अर्धा तास लावला. तुमचं बरोबर आहे, बंद केला. पण मग तो गेमचा दोष म्हणायचा का, हे मला ठरवता येत नाहीये. मेंढीकोट तरी एकट्याने कुठे होतो?

---

इस्पिकची_राणी

अण्णांचा "पैसं लावल्यात?" हा प्रश्न युरोपातल्या वयोमर्यादा ठरवणाऱ्या पेगी संस्थेलाही पडला होता बरं का. पोकरचे हात दिसतात म्हणून बलाट्रोला थेट १८ वर्षांवरचं लेबल. त्यात एक रुपयाही लावता येत नाही, आणि खऱ्या पैशांनी नशिबाची पाकिटं फोडायला लावणारे गेम मात्र तेव्हा लहान मुलांसाठी योग्य! लोकलथंकने जाहीर नाराजी दाखवली, अपील झालं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ते १२ वर आणलं.

माझा महिना : स्टारड्यू व्हॅली, लेकीबरोबर, स्क्रीन अर्धी अर्धी करून. ती सातवीत. मी पिकं लावते, ती खाणीत उतरते. सगळा गेम एरिक बॅरोन या एकाच माणसाने केलाय, चित्रं, संगीत, सगळं, चारेक वर्षं बसून, हे तिला सांगितलं. तर म्हणते, "त्याची आई काही म्हणाली नाही?" बोला आता.

व्यवसायाने मी फिजिओ, म्हणून एक फुकटचा सल्ला : व्यायाम करताना अण्णांना बघू द्या, पण ओरडताना ते श्वास रोखत नाहीत ना तेवढं बघा. आणि गुडघ्याखाली उशी ठेवून झोपू देऊ नका. बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो.

---

सेव्हपॉइंट

ताई, उशी काल रात्रीच काढली. अण्णांनी तुम्हाला उद्देशून एक वाक्य म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

---

क्लेम_नामंजूर

मी सांगलीचा, गाड्यांच्या विम्याचा सर्व्हेअर. पावसाळा म्हणजे आमचा हंगाम. २०१९ च्या पुरानंतर बुडालेल्या गाड्यांच्या रांगा तपासल्यात, डॅशबोर्डवर चिखलाची रेघ कुठपर्यंत आलीय ते बघायचं, त्यावरून इंजिनात पाणी शिरलं का ते ठरवायचं.

या जूनमध्ये भाच्याने 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' लावून दिला. लुकास पोपचा, २०१८ चा. आणि काय बघतो, तर त्यातला नायक मीच! ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक. १८०३ मध्ये बेपत्ता झालेलं जहाज १८०७ मध्ये एकटंच परत येतं, आणि तुम्ही वही घेऊन चढता. साठ माणसं. प्रत्येकाचं नाव काय, मेला कसा, कुणाच्या हातून. तीन माणसांचं बरोबर आलं की तेव्हाच शिक्का बसतो, त्यामुळे एकट्याचा अंदाज ठोकून चालत नाही. सगळं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत.

जहाजावर आपल्याकडचे खलाशीही आहेत. त्यातले दोघं थंडीत छातीच्या आजाराने जातात. आवाज ऐकू येतात, चेहरा धुरकट, यादीत नुसतं 'सीमन, इंडिया'. त्यांची नावं लावायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. टोप्या, झोळ्यांवरचे आकडे, कोण कुणाशेजारी झोपतो, असं बघत बसलो. शेवटी कळलं तेव्हा रात्रीचा दीड. बायको म्हणाली, ऑफिसचं काम घरी आणू नका.

बाकी चिखलाची रेघ असती तर पटकन झालं असतं.

---

खडूस_मॉड

हे सदर गेमिंगचं आहे की वारीचं? का आता गुडघ्याचं? प्रत्येक महिन्याला कौटुंबिक मालिका सुरू होते. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) किती मिळाला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, कुठल्या सेटिंगवर, काही नाही.

---

सेव्हपॉइंट

१०८०पी, मध्यम सेटिंग, फ्रेम रेट ६० ला बांधलेला. कार्ड १६५० सुपर. टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर सॅम विचार करून कलतो. अण्णांच्या खोलीत एसी नाही, म्हणून सीपीयूचं बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावलाय. पंखा सीपीयूला की पेशंटला, यावर वाद चालू आहे.

---

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत आमची शनिवार रात्रीची बैठक म्हणजे एज ऑफ एम्पायर्स २, राज्य उभारून एकमेकांशी लढायचा गेम. रात्री साडेआठला बसतो, तेव्हा तिकडे चिंचवडात माझा मावसभाऊ रविवारी सकाळी सहाला पारोशा बसलेला असतो. १९९९ चा गेम, आम्ही दोघं आता चाळिशीपार, अजून एकमेकांच्या रानडुकरावर डोळा ठेवतो. २०२२ मध्ये भारताचं पॅक आलं तेव्हापासून तो त्यातलं गुर्जरांचं राज्य सोडत नाही.

गेल्या शनिवारी तो मधेच पाच मिनिटं गायब. मी चाळीस घोडेस्वार घेऊन त्याच्या दारात उभा. चॅटवर आलं, "मावशीला दूध आणून दिलं, आलो." मी आत शिरलो नाही. मग त्याने परत येऊन माझाच किल्ला पाडला, ही गोष्ट वेगळी.

सेव्हपॉइंट, माझे बाबा नाशिकला एकटे असतात. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली तर बघतील असं वाटतं का? ते फारसं बोलत नाहीत.

---

सेव्हपॉइंट

बघतील का माहीत नाही. अण्णाही पहिले दोन दिवस बोलले नव्हते. एक करून बघा, मुद्दाम थोडं चुकीचं खेळा. घोडे पाण्याकडे न्या, शेत राखायला कुणी ठेवू नका. न बोलणारी माणसं चुका बघून राहवत नाही म्हणून बोलतात.

---

तीस_लाईफ

+१. आमचे वडील रोड रॅशमध्ये मी चुकीच्या बाजूने गाडी चालवतो म्हणून रागवायचे.

आता सांगा, सॅम पोचला का पश्चिमेला?

---

सेव्हपॉइंट

कुठला पोचतोय. तिसऱ्या प्रकरणातच अडकलोय, कारण अण्णा रस्ता पुरा केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. "मागनं येणाऱ्यांचं काय?" म्हणतात. आठवडाभर नुसतं सिरॅमिक वाहतोय. जुने बूटही टाकू देत नाहीत, "आजून दोन मुक्काम निघत्याल" म्हणून पाठीवरच ठेवायला लावलेत.

वॉकर गेला, काठी आली. काल कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन तंबाखूची पुडी नाही, लिमलेटच्या गोळ्या घेऊन आले, आणि आल्यावर मला विचारलं की सॅमला एका दिवसात किती चालवतोस.

लाईट आत्ताच आली, बसतो म्हणत होतो. पण टीव्ही अण्णांनी आधीच लावलाय आणि त्यावर कीर्तन चालू आहे.